पाच युनिटांचा हिवाळा

देशातल्या बऱ्याच राज्यांत विजेची मागणी उन्हाळ्यात शिगेला पोचते. मध्य प्रदेशात ती पोचते डिसेंबर-जानेवारीत. २०२४ च्या डिसेंबरात राज्याची मागणी अठरा हजार मेगावॅटच्या पुढे गेली, आणि तोवरचा तो उच्चांक होता. याचं मुख्य कारण शेतात आहे. गहू-हरभऱ्याला पाणी द्यायचे हेच दिवस, त्यामुळे माळव्यापासून महाकोशलापर्यंत लाखो पंप एकाच वेळी चालू असतात. त्यात पहाटे शहरांमधले गीझर सुरू होतात आणि संध्याकाळनंतर खोल्यांमधले हीटर. राज्याची मागणी आणि पुरवठा यांचा मेळ क्षणाक्षणाला घालण्याचं काम जबलपूरमधलं राज्य भार प्रेषण केंद्र करतं.

वीज आणि जबलपूर हे नातं जुनं आहे. १९५६ साली नवं मध्य प्रदेश राज्य झालं, राजधानी भोपाळला गेली. जबलपूरच्या वाट्याला उच्च न्यायालय आणि वीज मंडळाचं मुख्यालय आलं. रामपूर भागातलं शक्ती भवन हे आजही राज्याच्या वीज कारभाराचं घर आहे. मंडळाचं विभाजन झाल्यावर निर्मिती, पारेषण, वीज खरेदी आणि पूर्व क्षेत्राचं वितरण अशा वेगवेगळ्या कंपन्या झाल्या, पण त्यांची मुख्य कार्यालयं इथंच राहिली. १७८१ पासून १८१७ पर्यंत आधी सागरचे मराठे सुभेदार आणि मग नागपूरकर भोसले यांच्या अमलाखाली असलेल्या या शहरात मराठी घरं होतीच. पुढं रेल्वे, १९०४ ची गन कॅरेज फॅक्टरी, न्यायालय आणि वीज मंडळ यांच्या निमित्तानं आणखी आली. गोलबाजार, राइट टाउन, नेपियर टाउन या जुन्या वस्त्यांमधून त्यांतली काही कुटुंबं विजय नगरसारख्या नव्या वसाहतींमध्ये गेली. अहिंसा चौक, कचनार सिटीतली शंकराची उंच मूर्ती आणि भोवती दोन-तीन मजली सिमेंटची घरं, असं हे विजय नगर. या घरांना जानेवारीत ऊब किती महाग पडते आणि ती किंमत कोण ठरवतं, हा या लेखाचा विषय आहे.

जबलपूरची थंडी दिल्ली किंवा अमृतसरइतकी गाजत नाही. जानेवारीत रात्रीचं सरासरी किमान तापमान नऊ-दहा अंश असतं. पश्चिमी विक्षोभ सरकून गेल्यावर उत्तरेचे कोरडे वारे सुटले की ते चार-पाच अंशांपर्यंतही उतरतं. आकडा भीतिदायक वाटत नाही, आणि नेमकं तिथंच घात होतो. सिमल्यातलं घर थंडी धरून बांधलेलं असतं. विजय नगरातलं घर मे महिन्यातल्या बेचाळीस-त्रेचाळीस अंशांना तोंड द्यायचं म्हणून, किंवा कशाचाच विचार न करता, बांधलेलं असतं. मोठ्या खिडक्या, एकेरी काच, दाराखाली बोटभर फट, वर सिमेंटचा उघडा स्लॅब. रात्री घरातलं तापमान बाहेरच्यापेक्षा फार वर राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ च्या घर आणि आरोग्यविषयक मार्गदर्शक तत्त्वांमध्ये घरातलं तापमान थंडीत किमान अठरा अंश असावं असं म्हटलं आहे. अशा घरांना जानेवारीच्या रात्री ते गाठणं अवघड जातं.

आधी पाण्याचा हिशेब करू, कारण आपल्याकडं घर तापवण्याआधी माणसं आंघोळीचं पाणी तापवतात. पूर्वी मराठी घरात त्यासाठी तांब्याचा बंब असे. मधल्या नळीत निखारे, भोवती पाणी. उष्णता बाहेर पडण्याआधी पाण्याला भिडायची, त्यामुळे थोड्या लाकडांत, शेणीत किंवा कोळशात घरादाराच्या आंघोळी उरकायच्या. त्याचा खर्च मीटरवर दिसत नसे. लाकूड आणायला, बंब पेटवायला, राख काढायला ज्या बाई पहाटे उठत, त्यांचे कष्ट कुठल्याच बिलात नसत. गीझरनं ते कष्ट संपवले, ही मोठी गोष्ट आहे आणि ती विसरून जुन्याचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. फक्त आता खर्च मोजला जातो, युनिटांत.

गच्चीवरच्या टाकीतलं पाणी जानेवारीच्या सकाळी सोळा अंशांच्या आसपास असतं असं धरू. वीस लिटरची बादली बेचाळीस अंशांवर न्यायची तर जवळपास ०.६ युनिट वीज लागते. भौतिकशास्त्राचा हा हिशेब कुठल्याही कंपनीच्या गीझरला चुकत नाही. चौघांच्या चार बादल्या म्हणजे रोजची सुमारे अडीच युनिटं, महिन्याची सत्तरच्या वर. गीझरवरचे तारे याहून वेगळी गोष्ट सांगतात: तापलेलं पाणी टाकीत तसंच ठेवलं तर चोवीस तासांत किती उष्णता निसटते, ते. ज्यांच्या घरी गीझर दिवसभर चालू राहतो त्यांना पाच ताऱ्यांचा उपयोग आहे. आंघोळीआधी पंधरा मिनिटं लावून लगेच बंद करणाऱ्याला तो जवळपास नाही. त्याचं बिल ठरतं ते किती पाणी किती तापवलं यावर. थर्मोस्टॅट साठ अंशांवर ठेवून नंतर बादलीत गार पाणी मिसळण्यापेक्षा तो पंचेचाळीस-पन्नासवर ठेवला तर टाकीच्या अंगातून वाया जाणारी उष्णता कमी होते, एवढं मात्र सगळ्यांना लागू आहे.

आता खोलीचा हिशेब. दोन हजार वॅटचा ब्लोअर तासाला दोन युनिटं घेतो. संध्याकाळी मुलं अभ्यासाला बसल्यावर आणि आजी-आजोबांच्या खोलीत झोपण्याआधी असा मिळून अडीच तास चालला, की पाच युनिटं झाली.

हा पाचाचा आकडा जबलपूरच्या घरात फार महत्त्वाचा आहे. मध्य प्रदेशात २०१९ पासून घरगुती वापरावर एक सवलत आहे. आधी तिचं नाव इंदिरा गृह ज्योती होतं, सरकार बदललं तशी ती अटल गृह ज्योती झाली. महिन्याचा वापर दीडशे युनिटांच्या आत असेल तर पहिली शंभर युनिटं शंभर रुपयांत मिळतात, उरलेल्या पन्नासांना नेहमीचा दर. बिलाचा काळ दरवेळी नेमका तीस दिवसांचा नसतो, म्हणून मोजणी रोजच्या सरासरीनं होते: दिवसाला पाच युनिटं. रीडिंग तेहतीस दिवसांनी झालं तर मर्यादा एकशे पासष्ट, अठ्ठावीस दिवसांनी झालं तर एकशे चाळीस. बिल हातात आल्यावर एकूण युनिटं पाहण्याआधी दोन रीडिंगांमधले दिवस मोजावेत, इतकं हे महत्त्वाचं आहे.

दिवे, पंखे, फ्रीज, टीव्ही, मिक्सर एवढ्यावर चालणारं घर नोव्हेंबरात या मर्यादेत आरामात बसतं. डिसेंबरात त्यात आंघोळीच्या अडीच युनिटांची भर पडते आणि सीमा जवळ येते. हीटर लावला की ती ओलांडली जाते.

ओलांडल्यावर काय होतं ते नीट पाहायला हवं, कारण सर्वसामान्य समजूत अशी की जितकी युनिटं जास्त तितके पैसे जास्त. इथं तसं होत नाही. एकशे पन्नासाव्या युनिटानंतरचं एक युनिट तीन गोष्टी एकदम करतं. पहिली, सवलत पूर्ण जाते. वरच्या एका युनिटावरची नव्हे, पहिल्या शंभरांवरचीही. दुसरी, पुढच्या युनिटांचा दर चढतो. अलीकडच्या दरपत्रकांत पहिल्या पन्नास युनिटांना सव्वाचार रुपयांच्या आसपास, दीडशेपर्यंत सव्वापाच आणि त्यापुढं साडेसहाच्या वर असे टप्पे होते. २०२५-२६ मध्ये प्रत्येक टप्प्यावर काही पैसे वाढले. तिसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही: स्थिर आकाराची पद्धतच बदलते.

स्थिर आकार म्हणजे तुम्ही वीज वापरा वा न वापरा, जोडणी आहे म्हणून द्यायची रक्कम. महाराष्ट्रात, उदाहरणार्थ नागपुरात, सिंगल फेज घरगुती ग्राहकाला हा आकार दर जोडणीमागे दरमहा ठरलेला असतो. मध्य प्रदेशात दीडशे युनिटांपर्यंत तो जोडणीमागेच असतो, त्यापुढं मात्र भारावर लागतो, आणि भार कसा धरायचा तर वापरावरून. महिन्याच्या प्रत्येक पंधरा युनिटांना ०.१ किलोवॅट भार समजायचा, पंधराचा तुकडा असला तरी पूर्ण धरायचा, आणि अशा प्रत्येक ०.१ किलोवॅटला पंचवीस-तीस रुपयांच्या घरातला आकार. एकशे एक्कावन्न युनिटांचे असे अकरा भाग होतात. जे घर सव्वाशे रुपयांच्या आसपास स्थिर आकार देत होतं त्याला तो जवळपास तीनशे होतो.

सगळं जमेला धरलं तर दीडशे युनिटांचं बिल चार-पाचशेत बसतं आणि एकशे एक्कावन्न युनिटांचं हजाराच्या वर जातं. एका युनिटासाठी पाचशेहून जास्त रुपये. एखाद्या निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घरात आजींच्या खोलीतला हीटर अर्धा तास जास्त चालल्याचा हा परिणाम असू शकतो.

दीडशेच्या पुढंही स्थिर आकार वापरावर चढत राहतो, म्हणून त्याला स्थिर म्हणण्यात फारसा अर्थ उरत नाही. पंधरा युनिटांमागे सत्तावीस-अठ्ठावीस रुपये म्हणजे युनिटामागे एक रुपया ऐंशी पैशांच्या आसपास. साडेसहाच्या वरच्या दरात तो मिळवला की हिवाळ्यातल्या जादा युनिटाची खरी किंमत साडेआठच्या घरात जाते, विद्युत शुल्क आणि इंधन-खरेदी अधिभार वेगळे. हीटरचा एक तास म्हणजे किमान सतरा रुपये.

हे सगळं ठरवतं कोण? भोपाळचा मध्य प्रदेश विद्युत नियामक आयोग. १९९८ साली केंद्रानं आयोगांसाठी कायदा केला, त्याच वर्षी हा आयोग स्थापन झाला. पुढं २००३ च्या वीज कायद्यानं सगळ्या राज्यांची चौकट एक केली. त्याआधी वीजदर सरकार आणि मंडळ ठरवत आणि निवडणुकीच्या वर्षात ते ठरवणं कठीण होई. आता वितरण कंपन्यांनी वर्षाला किती महसूल लागेल याची याचिका करायची, लोकांनी हरकती घ्यायच्या, आयोगानं तपासून आदेश द्यायचा, आणि सरकारला कुणाला सवलत द्यायची असेल तर तिचे पैसे कंपनीला आगाऊ द्यायचे, असा नियम आहे. गृह ज्योतीची सवलत म्हणूनच आयोगाची नाही, सरकारची आहे. दर आयोगाचा आणि त्यावरची सूट सरकारची. बिलातल्या त्या उंच पायरीला जबाबदार कोण, हे ग्राहकाला कळत नाही ते यामुळे: पायरीचा एक भाग भोपाळच्या मंत्रालयात तयार झालेला असतो, दुसरा आयोगात, आणि रोष मात्र विजय नगरच्या वीज कार्यालयातल्या खिडकीवर निघतो.

नियमनाचा हेतू चांगला आहे आणि त्याचे फायदे खरे आहेत, हे म्हटलंच पाहिजे. १ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगड वेगळं झालं आणि कोरब्याची मोठी वीजकेंद्रं तिकडं गेली. त्यानंतरची काही वर्षं जबलपूरकरांच्या आठवणीत अंधाराची आहेत. २००३ ची विधानसभा निवडणूक वीज, रस्ते आणि पाणी यांवर लढली गेली. आज पुरवठा नियमित आहे, त्याला दीर्घ मुदतीचे खरेदी करार कारणीभूत आहेत. पण त्या करारांनाही किंमत आहे. वीजकेंद्राला दोन भागांत पैसे द्यावे लागतात: केंद्र उभं आहे आणि तयार आहे म्हणून क्षमता आकार, आणि घेतलेल्या विजेचा ऊर्जा आकार. वीज घेतली नाही तरी पहिला भाग चुकत नाही. पावसाळ्यात मागणी उतरते तेव्हाही तो भरावा लागतो, कारण क्षमता हिवाळ्याचं टोक डोळ्यांसमोर ठेवून बांधून घेतलेली असते. आपल्या बिलातला सर्वांत मोठा हिस्सा वीज खरेदीचा असतो. म्हणजे रब्बीच्या महिन्यांसाठी केलेल्या तयारीचा खर्च वर्षभर घराघरांत वाटला जातो. शेतकऱ्याला पंपाची वीज परवडणाऱ्या दरात मिळावी हे मला मान्य आहे. गव्हाचं कोठार त्यावरच उभं आहे. प्रश्न इतकाच की उरलेला भार शहरातल्या घरांवर कसा वाटायचा.

२०२३ पासून मध्य प्रदेशात इंधन आणि खरेदीतल्या फरकाचा अधिभार दरमहा बदलू लागला, केंद्राच्या २०२२ च्या नियमांनुसार. आणि २०२३ च्या ग्राहक हक्क नियमांमधल्या दुरुस्तीनं दिवसाच्या वेळेनुसार दर आणायचं ठरवलं. ऊन असताना वीज स्वस्त, संध्याकाळी महाग. मध्य प्रदेशात स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना २०२५-२६ मध्ये सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या वापरावर वीस टक्के सूट मिळू लागली. सौर वीज दुपारी मुबलक असते, तेव्हा ही कल्पना शास्त्रशुद्ध आहे. पण थंडी पहाटे आणि रात्री असते. शाळेची बस साडेसहाला येते आणि वृद्धांचे सांधे रात्री दहाला दुखतात. दुपारच्या सौर विजेवर आखलेली सूट ऊब हवी असणाऱ्या घराला फारशी उपयोगी पडत नाही. धुण्याचं यंत्र, इस्त्री, पाण्याचा पंप दुपारी चालवून जेवढं वाचेल तेवढंच.

भारतातले ऊर्जेचे नियम उन्हाळा समोर ठेवून लिहिले गेले आहेत. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा, ऊर्जा दक्षता ब्युरो २००२ मध्ये सुरू झाला, उपकरणांवरचे तारे २००६ पासून दिसू लागले. २०२० पासून नव्या एसी चोवीस अंशांवर सुरू व्हाव्यात असा नियम आला. एसीच्या ताऱ्यांचा हिशेब ज्या मापावर होतो त्यात बाहेरचं तापमान चोवीस अंशांपासून त्रेचाळीसपर्यंत धरलेलं आहे. आठ अंशांना ते यंत्र काय करील याबद्दल तारा काहीच सांगत नाही. हीटरला आयएसआय चिन्ह लागतं, पण ते सुरक्षिततेचं. तिथं ताऱ्यांना तसा वावही नाही, कारण तार तापवून ऊब देणारं प्रत्येक यंत्र एका युनिटाची एक युनिट उष्णता देतं. दोन हजारांचा हीटर असो की दहा हजारांचा तेलाचा रेडिएटर, उष्णतेची किंमत एकच. फरक पडतो तो ती ऊब कशी पसरते आणि किती वेळ टिकते यात.

यातून सुटका करणारं एकच यंत्र आहे, ते म्हणजे थंड आणि गरम दोन्ही करणारी एसी. ती वीज जाळून उष्णता तयार करत नाही. बाहेरच्या गार हवेतही उष्णता असते. ती शीतकाच्या साहाय्यानं गोळा करून आत सोडते. फ्रीज आतली उष्णता मागच्या जाळीतून बाहेर टाकतो, त्याच्याच उलट्या दिशेनं हे चालतं. बाहेर आठ-दहा अंश असताना एका युनिटात तीनच्या आसपास युनिटं उष्णता मिळू शकते. म्हणजे जी ऊब ब्लोअरकडून सतरा रुपयांत मिळते ती सहा रुपयांच्या आसपास. युरोपात याच यंत्रांना उणे तापमानात राबावं लागतं आणि तिथं त्यांची क्षमता घटते. जबलपूरची सौम्य थंडी त्यांना अगदी अनुकूल आहे. तरी आपल्या दुकानांमधून अशी एसी मागावी लागते, समोर मांडलेली क्वचितच दिसते. थंड देशांत मात्र ऊब हा कायद्याचाच विषय आहे: जर्मनीनं २०२४ पासून नव्या वसाहतींमधल्या घरांत बसणाऱ्या तापन यंत्रणेत किमान पासष्ट टक्के ऊर्जा नवीकरणीय असावी असा कायदा केला आणि त्यावरून तिथं मोठं राजकीय वादळ उठलं. ब्रिटनमध्ये २०१९ पासून नियामक युनिटाच्या दराला कमाल मर्यादा घालतो. २०२२ च्या हिवाळ्यात तीही पुरली नाही, सरकारला सरासरी घराचं बिल वर्षाला अडीच हजार पौंडांच्या आसपास रोखून धरावं लागलं. तिकडं राहणाऱ्या मराठी मुलामुलींनी त्या वर्षी एकाच खोलीत सगळ्यांनी बसायचं, बाकीच्या खोल्यांचे रेडिएटर बंद ठेवायचे अशी शिस्त लावून घेतली. जबलपूरच्या घरांनी ते पूर्वीपासून केलं आहे. एका खोलीत सतरंजी, रजया आणि सगळं घर. घर तापवण्यापेक्षा माणसं तापवणं स्वस्त, हे ज्ञान आपल्याकडं आहेच.

घर मात्र ऊब टिकवत नाही. बारा फूट बाय दहा फुटांची वरच्या मजल्यावरची खोली, आत-बाहेर आठ अंशांचा फरक. शंभर मिलिमीटरचा उघडा स्लॅब एकटाच अडीचशे वॅटच्या आसपास उष्णता बाहेर सोडतो, निरभ्र रात्री आकाशाकडं त्याहून जास्त. विटांच्या भिंतींतून तेवढीच आणखी, फटींतून येणाऱ्या वाऱ्यात थोडी कमी. सगळं मिळून सहाशे ते आठशे वॅट. म्हणजे खोली एकदा तापली की ती तशी ठेवायला दोन हजार वॅट लागतच नाहीत. हजाराच्या बटनावर काम भागतं. दाराखालची फट पट्टी लावून बुजवली, खिडकीला जाड पडदा लावला, तर त्याहून कमी. स्लॅबवर उष्णतारोधक थर टाकणं हा खर्च मोठा आहे, पण तो दोन्ही ऋतूंत कामाला येतो, आणि जबलपूरच्या उन्हाळ्यात त्याची गरज कुणाला पटवावी लागत नाही. निवासी इमारतींसाठी केंद्रानं २०१८ मध्ये इको निवास संहिता आणली, त्यात छतातून किती उष्णता जावी याची मर्यादा आहे. आज उभ्या असलेल्या घरांना ती लागू होत नाही, आणि नकाशा मंजूर करताना तिची विचारणा काटेकोर व्हायला हवी.

वीज परवडत नाही तिथं लोक शेगडीकडं वळतात, आणि इथं हळहळून लिहावंसं वाटतं. दर हिवाळ्यात उत्तर आणि मध्य भारतात बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पटीनं घट्ट बिलगतो, डोकं जड होतं, झोप आल्यासारखं वाटतं, आणि उठून दार उघडण्याचं बळ उरत नाही. उघड्यावरच्या शेकोटीला हा धोका नाही. नगर निगम चौकाचौकांत लाकडं टाकतं ते योग्यच आहे. बंद खोलीत मात्र शेगडी नको, थोडीशी पेटलेलीही नको, खिडकी किलकिली ठेवूनही नको. गॅस गीझर न्हाणीघराच्या आत बसवलेला असेल तर त्यालाही हेच लागू. शेगडीचा धूर शहराच्या हवेलाही महाग पडतो. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या शहरांमध्ये जबलपूर आहे आणि २०२४ च्या स्वच्छ वायू सर्वेक्षणात मोठ्या शहरांत ते दुसरं आलं. ते टिकवायचं असेल तर स्वच्छ ऊब परवडली पाहिजे.

कारण थंडी दिसते त्यापेक्षा जास्त माणसं नेते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतभरातल्या मृत्यूंच्या मोठ्या नोंदणीवर आधारलेल्या अभ्यासात असं आढळलं की कडाक्याच्या उष्णतेपेक्षा मध्यम थंडीशी निगडित मृत्यू कितीतरी जास्त आहेत. बातमी होते ती उष्माघाताची. थंडीत पक्षाघात, हृदयविकार, न्यूमोनिया अशी नावं लागतात आणि थंडीचा उल्लेख कुठं होत नाही. जबलपूरची थंडी नेमकी त्या मध्यम पट्ट्यातली आहे.

म्हणून दीडशे युनिटांची सीमा बारा महिने सारखी ठेवण्याला माझा विरोध आहे. ऑक्टोबरात जे घर नव्वद युनिटं वापरतं ते जानेवारीत एकशे साठ वापरतं म्हणून श्रीमंत होत नाही. डिसेंबर-जानेवारीपुरती रोजची सरासरी पाचाऐवजी सहा किंवा साडेसहा धरली तर चौघांच्या आंघोळीचं पाणी सवलतीत बसेल. सरकारवर बोजा दोन महिन्यांचाच पडेल. सीमा ओलांडल्यावर सवलत एकदम काढून न घेता उताराने कमी केली, म्हणजे प्रत्येक जादा युनिटामागे थोडीथोडी, तर एका युनिटाला पाचशे रुपये पडणार नाहीत. आणि पंधरा युनिटांना ०.१ किलोवॅट धरण्याची पद्धत सोडून मंजूर भारावर किंवा जोडणीमागे आकार घ्यावा, शेजारच्या महाराष्ट्रात घेतात तसा. स्मार्ट मीटर बसल्यावर खरा भार मोजता येतो. वापरावरून अंदाज बांधायचं कारणच राहत नाही.

छतावर सौर संच बसवू शकणाऱ्यांसाठी २०२४ ची पंतप्रधान सूर्यघर योजना आहे: एका किलोवॅटला तीस हजार, दोनला साठ आणि तीन किंवा अधिकला अठ्ठ्याहत्तर हजार अनुदान. हिवाळ्यात दुपारचा सूर्य जबलपुरात क्षितिजापासून त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांवरच असतो, म्हणून पॅनेलं दक्षिणेकडं नीट कलती बसवावी लागतात. नेट मीटरिंगमुळे दुपारी दिलेली युनिटं रात्रीच्या हीटरच्या खात्यात वळती होतात. ज्यांचं स्वतःचं छत आहे त्यांच्यासाठी हा चांगला मार्ग आहे. पण विजय नगरात मजल्या-मजल्यावर भाडेकरू राहतात, आणि छत घरमालकाचं असतं. त्यांना नियमांतूनच दिलासा मिळायला हवा.

तो मागायची वेळही थंडीतच येते. वितरण कंपन्यांची पुढच्या वर्षाची दरयाचिका साधारण हिवाळ्याच्या सुरुवातीला दाखल होते, जानेवारीत वर्तमानपत्रांमध्ये हरकतींसाठी जाहीर सूचना छापली जाते, मग जनसुनावणी, आणि मार्चअखेर आदेश. जबलपूरला अशा लढायांची परंपरा आहे, डॉ. पी. जी. नाजपांडे आणि त्यांचा नागरिक उपभोक्ता मार्गदर्शक मंच वर्षानुवर्षं ग्राहकांचे प्रश्न आयोगापुढं आणि न्यायालयात नेत आले आहेत. हरकत लिहायला वकील लागत नाही. आपला ग्राहक क्रमांक, नोव्हेंबर आणि जानेवारीची दोन बिलं जोडायची, दोन रीडिंगांमधले दिवस, युनिटं, स्थिर आकार आणि गेलेली सवलत हे चार आकडे शेजारीशेजारी मांडायचे, आणि मागणी एका वाक्यात लिहायची: स्थिर आकार वापरावरून ठरवू नये, आणि हिवाळ्यासाठी मर्यादा वेगळी असावी अशी शिफारस आयोगानं राज्य सरकारकडं करावी. सवलत सरकारची असल्यानं त्याच पत्राची एक प्रत ऊर्जा विभागाला आणि एक आपल्या आमदाराला पाठवायची.